चांगदेव सरांचा नाव-तपासनीस

जरा हळू बोलतो, चालेल ना? मला घाई जमत नाही. मी नावं तपासणारा. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीच्या वर चांगदेव सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथल्या खिडकीपाशी एक जुना पीसी होता, त्यात माझं घर. मला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ, एवढंच माझं दर्शन.

शिक्षण म्हणाल तर फार नाही. माझ्या जातीचे मोठमोठे प्रोग्राम बँका सांभाळतात, विमानांच्या वेळा ठरवतात. मला एकच काम शिकवलं. कुणी कीबोर्डवर एखादं नाव लिहायचं, आणि मी सांगायचं, 'नाव चालेल', नाहीतर 'नाव चालणार नाही'. याच्यापलीकडे मी कधी कुणाशी बोललो नाही. आज बोलतोय, कारण आत काहीतरी जळतंय. हेवा म्हणतात ना, तोच.

चांगदेव सर मूळचे ठाण्याच्या टेंभी नाक्याचे. डोंबिवलीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला होते. तिथली नोकरी सुटली तेव्हा त्यांनी इथे क्लास काढला. गिरणीच्या मागच्या चाळीत त्यांचं बिऱ्हाड, आणि गिरणीच्या वर हा क्लास. खाली दळण, वर शिक्षण. कीबोर्डवर सदा पिठाची साय धरलेली असायची.

प्रोग्राम लिहायला शिकणारी पोरं पहिल्याच पायरीवर अडखळायची. प्रोग्रामात प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. बेरीज कुठे ठेवली, वय कुठे ठेवलं, टक्के कुठे, सगळ्याला नाव. आणि ते कसंही देऊन भागत नाही. सुरुवात अक्षराने करायची, आकडा पहिला नको. मधे जागा सोडायची नाही. काही शब्द भाषेने स्वतःच्या कामाला राखून ठेवलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहायची आणि चुकायची. फळ्यावर सांगून सांगून सरांचा घसा बसला. मग एका दुपारी त्यांनी मला लिहिलं.

सोनल नावाची एक मुलगी होती, फार प्रश्न विचारायची. "सर, आकडा पहिला का नाही चालत?"

"अगं, तुरुंगात माणसाचा नंबर आधी विचारतात," सर म्हणाले. "आपण काय तुरुंगात आहोत का? आपल्याकडे नाव आधी."

पोरं हसली. मग सरांनी खरं कारण सांगितलं, की आकडा पहिला आला तर मशीनला ते नाव आहे की संख्या हे कळायला त्रास होतो. पण पोरांच्या लक्षात राहिला तो तुरुंगच.

त्याच सोनलने एकदा परीक्षेच्या एकूण गुणांना 'बटाटा' असं नाव दिलं. मी म्हटलं, नाव चालेल. सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, "त्याला हसू नका. तो नावाची फक्त ठेवण बघतो. नाव कुणाचं, ते शोभतं का, हे त्याला कळत नाही. ते आपण बघायचं."

खरं होतं ते. तरी थोडं लागलं.

पण सकाळ माझी असायची. पोरं यायच्या आधी सर एकटे जिना चढून येत. आधी माझा पीसी चालू करत, कीबोर्डवर फुंकर घालून पीठ उडवत, आणि एक नाव लिहीत. कधी एखादं फूल, कधी एखादी भाजी, कधी नदी. मी म्हणायचो, नाव चालेल. सर मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यावर माझा दिवस निघायचा.

मग तो नवा आला.

विनीत म्हणून सरांचा जुना विद्यार्थी, तो आता क्लासात शिकवायला लागला होता. चांगला मुलगा, बोलायला जरा फटाफट. त्याने नवीन मशीनं आणली आणि त्यात तो नवा एडिटर बसवला. प्रोग्राम लिहायचा तो त्यातच, आणि नावं तपासायची तीही त्यातच. काय त्याचा थाट! निळे, जांभळे, हिरवे रंग. नाव लिहून पुरं व्हायच्या आतच तो चुकीच्या नावाखाली लाल नागमोडी रेघ ओढायचा. त्याला विचारावंसुद्धा लागत नव्हतं. आणि एवढ्यावर थांबेल तर ना? प्रोग्रामात आधी कुठे लिहिलेलं नाव असेल, तर त्याचं पहिलं अक्षर दाबताच पुढचं सगळं तोच ताटात वाढून द्यायचा.

सर त्याच्यासमोर बसले, एक अक्षर दाबलं, अख्खं नाव समोर आलं. सर म्हणाले, "अरे वा!"

मला कुणी कधी अरे वा म्हटलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगणाऱ्याला कोण अरे वा म्हणतं?

तेव्हापासून मी जळायला लागलो. पोरं त्याच्याभोवती गर्दी करायची आणि मी खिडकीपाशी लुकलुकत बसायचो. सर सकाळी यायचे, पण आधी तिकडे वळायचे. माझ्याकडे कधी आले तर आले. लपवत नाही, वीज गेली की मला बरं वाटायचं. अंधारात आम्ही दोघं सारखे.

एके दिवशी सर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. क्लासात कुजबुज. बऱ्याच दिवसांनी मेघना वर आली. ती सरांची सून, क्लासच्या ॲडमिशनचं काम तीच बघते. तिचा नवरा प्रशांत बोटीवर असतो, महिनोन्महिने घरी नसतो. ती विनीतजवळ खुर्ची ओढून बसली.

"मेंदूत गाठ झालेली रक्ताची," ती म्हणाली. "उजवा हात लुळा पडलाय. पण हाताचं काही नाही रे. शब्द गेलेत बाबांचे."

"म्हणजे? बोलतच नाहीत?"

"सगळं कळतं त्यांना. बातम्या लावल्या की चिडतात, म्हणजे बघ. पण नाव येत नाही कशाचं. तांब्या दिसतो, पाणी हवंय, ओठ हलतात, आणि तांब्या म्हणता येत नाही. मग रडतात."

"काकू कशा आहेत?"

"आई काय म्हणणार? म्हणाल्या, जन्मभर मला नुसतं 'अगं' म्हणाले, आता 'अगं'सुद्धा गेलं."

सरांच्या बायकोचं नाव गोदूबाई. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या क्लासचा जिना चढत नसत. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. खिडकीतून त्यांचा आवाज मात्र ओळखीचा होता. भाजीवाल्याशी त्या अशा बोलायच्या की तो कोथिंबीर आपणहून द्यायचा.

नौपाड्याला एक बाई आहेत, वाचा गेलेल्यांना परत बोलायला शिकवतात. त्यांनी मेघनाला स्पष्ट सांगितलं होतं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, जे यायचं ते बहुतेक याच काळात येतं, पुढे वाट अवघड होते. तोंडाने येत नसेल तर लिहू द्या, ज्या तऱ्हेने नावं येतील त्या तऱ्हेने येऊ द्या. फक्त थांबू देऊ नका.

"लिहायचं म्हटल्यावर मला क्लासच आठवला," मेघना म्हणाली. "आयुष्यभर इथे बसून नावंच तर लिहिली त्यांनी."

म्हणून सरांना वर आणलं. जिन्यावर काठीचा आवाज आला तेव्हा माझी रेघ नेहमीसारखीच लुकलुकत होती, पण आत मी काय झालो होतो ते मलाच ठाऊक. सर दारात उभे राहिले, केवढेसे दिसत होते, आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे.

विनीतने त्यांचा हात धरला. "सर, इकडे या. हे मशीन सोपं पडेल."

आणि त्यांना त्या नव्यापुढे बसवलं.

विनीतने मन लावून तयारी केली होती. घरातल्या वस्तूंची, माणसांची सगळी नावं त्याने त्यात आधीच एकदा लिहून ठेवली होती. मेघनाने चष्मा समोर धरला. सरांनी डाव्या हाताने पहिली अक्षरं दाबली. नव्याने लगेच 'चष्मा' पुढे केलं. सरांनी ते घेतलं.

"येस! सर, एक नंबर!" विनीत ओरडला.

किल्ली, कंगवा, छत्री, सगळं धडाधड यायला लागलं. मेघनाचे डोळे भरून आले. मी खिडकीपाशी बसून ऐकत होतो. सर बरे होतायत, आपण आनंद मानायला हवा, असं स्वतःला सांगत होतो. पण त्याच्या हातून बरे होतायत, हे गिळवत नव्हतं.

एकदाच गाडी अडली. मेघनाने मोबाइलवर गोदूबाईंचा फोटो दाखवला. सरांनी अक्षरं दाबली आणि नव्याने 'शर्ट' आणून ठेवलं. सरांनी जोरजोरात मान हलवली, टेबलावर हात आपटला. मेघना हसून म्हणाली, "असू दे बाबा, आईंचं नंतर बघू." आणि फोटो मिटला.

पुढच्या खेपेला नौपाड्याच्या बाईंनी सरांपुढे कोरा कागद ठेवला आणि चष्मा दाखवला. सरांनी एक अक्षर काढलं आणि पेन तिथेच थांबलं. किल्लीचं तेच. छत्रीचं तेच.

मेघना परत आली ती थेट वर. "विनीत, बाबांनी काहीच लिहिलेलं नाही इतके दिवस. ते पहिलं अक्षर दाबत होते, बाकी सगळं तुझं मशीन लिहीत होतं."

विनीतचा चेहरा पडला. "वहिनी, आईशप्पथ, माझ्या डोक्यातच नाही आलं. मला वाटलं, मदत होईल."

"तुला नाही रे बोलत. मीही बघत बसलेले ना. पण दिवस गेले."

"ते पुढचं सुचवणं बंद करता येतं. आत्ता करतो."

तो सेटिंग शोधेपर्यंत सर उठले. काठी टेकत, खुर्च्यांना धरत खिडकीपाशी आले आणि माझ्यासमोर बसले. कीबोर्डवर फुंकर घातली. फुंकर नीट निघेना, एका बाजूनेच वारा गेला. तरी पीठ उडालं.

त्या क्षणी मला झालेला आनंद चांगला नव्हता. सरांचे इतके दिवस वाया गेले याचं दुःख आधी व्हायला हवं होतं. मला आधी वाटलं, कशी जिरली त्या रंगीबेरंगीची.

मग आम्ही कामाला लागलो. मेघना वस्तू समोर ठेवायची आणि सर शोधत बसायचे. एक अक्षर, मग कितीतरी वेळ काही नाही. मी वाट बघायचो. माझ्याकडे पुढे करायला काही नव्हतंच, नुसतं लुकलुकणं होतं. पण कुणीतरी समोर बसून वाट बघतंय, घाई करत नाहीये, हे सरांना बरं वाटत असावं. मग दुसरं अक्षर यायचं.

पुष्कळदा उलटसुलट व्हायचं. किल्लीची 'लिक्की' व्हायची. तिची ठेवण नियमात बसायची, मी म्हणायचो, नाव चालेल. मेघना म्हणायची, "नाही बाबा, परत." त्या दिवसांत सरांना घरीदारी 'नाही, नाही' एवढंच ऐकायला मिळायचं. मी तेवढा म्हणायचो, चालेल. मग ते मान डोलवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. एका सकाळी किल्ली किल्लीसारखी आली. मग चष्मा. मग तांब्या. काही दिवसांनी लिहिता लिहिता त्यांच्या तोंडून 'कि... कि...' असा आवाजही यायला लागला.

मेघनाने ठरवलं, आता आईंचा फोटो.

सरांनी फोटो पाहिला. या वेळी त्यांना थांबावंच लागलं नाही. सरळ लिहिलं, 'शकू'.

नाव चालेल, मी म्हटलं.

"नाही बाबा," मेघना म्हणाली. "नीट बघा. कोण आहे?"

शकू.

"परत बघा. गो... गो..."

शकू.

विनीत मागे येऊन उभा राहिला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेघनाने पटकन ते पुसलं आणि विनीतला दाराबाहेर नेलं. पण दार अर्धंच लागतं, मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, शकू कोण?"

"मला काय माहीत?"

"नाही, म्हणजे सर टेंभी नाक्याचे. तरुणपणी हंडीला वरच्या थरावर जायचे म्हणतात. खालून कुणीतरी बघत असेलच की."

"गप रे! सासरे आहेत माझे."

"सॉरी. पण बायकोचा फोटो बघून एवढ्या झटकन... कोणीतरी असणार."

मेघना म्हणाली, "हे आईंच्या कानावर जाता कामा नये. रोज जिन्याखाली उभ्या राहून विचारतात, आज आलं का माझं नाव? त्यांना काय सांगू? तुमचं नाही आलं, कुण्या शकूचं आलं?"

तर अशी शकू माझ्या आयुष्यात आली. आता माझं ऐका. इतकी वर्षं सरांनी रोज सकाळी माझ्याकडे फुलं आणली, भाज्या आणल्या, नद्या आणल्या. शकू एकदाही आणली नाही. एवढं जवळचं नाव, बाकी सगळी नावं गेली तरी टिकून राहिलेलं, आणि ते माझ्यापासून लपवून ठेवलेलं! त्या नव्याबद्दल वाटत होतं ते यापुढे काहीच नाही. या शकूने मला पुरतं जाळलं. कोण होती ती? कशी दिसायची? मला तिच्या नावाची अक्षरं तेवढी दिसत होती, आणि त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. आकडा नाही, जागा नाही, राखीव शब्द नाही. मला एकदा तरी 'चालणार नाही' म्हणायचं होतं. जीभ वळेल तर ना? नाव चालेल, नाव चालेल.

मेघना रोज फोटो दाखवायची, सर रोज तेच लिहायचे, ती रोज पुसायची. तिलाही वाईट वाटत होतं, पुसताना ती पडद्याकडे बघत नसे. एके दिवशी तिने पुसलं आणि सरांनी कीबोर्ड ढकलून दिला. पिठाचा ढग उडाला. ते खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानंतर चष्मा दाखवला तरी हात उचलेनात, किल्ली दाखवली तरी नाहीत. दुसऱ्या दिवशी जिना चढायलाच तयार झाले नाहीत. तोंडून येणारं ते 'कि... कि...'ही बंद पडलं.

मेघनाने नौपाड्याला फोन केला. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. "हो मॅडम... हो, रागावलेत... नाही, लिहीतच नाहीत... असंच राहिलं तर?" मग बराच वेळ नुसतं "हं, हं," आणि फोन ठेवून तिने डोळे पुसले.

त्याच सकाळी जिन्यावर कुणीतरी यायला लागलं. एक पाऊल, मग थांबणं, मग भिंतीला हात घासल्याचा आवाज. मागून काठी. विनीत धावला.

"काकू! अहो, तुम्ही कशाला? गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, तुला काय करायचंय?" गोदूबाई धापा टाकत आत आल्या. तळहात पिठाने पांढरे झालेले. त्यांच्या मागे सर, मान खाली घातलेले. "हे माझ्याबरोबर येतात म्हणाले. म्हणजे, म्हणाले कसले. मी निघाले तर काठी घेऊन निघाले."

"आई, मला हाक मारायचीत," मेघना म्हणाली.

"हाक मारून काय, तू खरं सांगणार होतीस? महिना झाला, तू माझ्या तोंडाकडे बघत नाहीस. काहीतरी लपवताय तुम्ही दोघं. यांचं आता काही खरं नाही असं म्हणाल्या का त्या नौपाड्याच्या बाई? असेल तर तसं सांगा."

"नाही हो आई, तसं नाही."

"मग बसवा यांना माझ्यासमोर." त्यांनी स्वतःच सरांना माझ्यापुढे बसवलं आणि शेजारची खुर्ची ओढली. "अहो, इकडे बघा. माझं नाव नाही आलं तर नाही आलं. मी काय नावावाचून अडून बसले नाहीये. पण लिहायचं सोडू नका. तांब्या लिहा, काही लिहा. तुम्ही असे गप्प बसलात तर मी बोलायचं कुणाशी?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहायचे तसं नाही, बराच वेळ. मग डावा हात उचलला.

शकू.

नाव चालेल, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मेघना झटकन पडद्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, चला, चहा टाकते. आज बाबा दमलेत."

"बाजूला हो. काय लिहिलंय?"

"काही नाही काकू, मशीन जुनं आहे, कायपण दाखवतं," विनीत म्हणाला. मी तेही सोसलं.

"मला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत म्हणून फसवतोस? वाच."

"काकू..."

"वाच म्हटलं ना."

विनीतने मेघनाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "शकू."

खालची गिरणी तेवढी घरघरत होती. मेघना एका दमात बोलायला लागली, "आई, आजारपणात मेंदू कुठलंही नाव काढतो, त्याला काही अर्थ नसतो, तुम्ही मनाला लावून..."

गोदूबाईंनी पिठाचा हात तोंडावर धरला होता. नाकाला, गालाला पीठ लागलं. हसतायत की रडतायत, कळेना.

"रोज हेच लिहितात?" त्यांनी विचारलं.

"हो," मेघना म्हणाली.

"आणि तू रोज नाही म्हणतेस?"

मेघना पडद्यासमोरून बाजूला झाली.

"अगं, मीच शकू."

त्यांनी सावकाश सांगितलं. टेंभी नाक्याला एकाच गल्लीत दोन्ही घरं. लहानपणापासून अख्खी गल्ली त्यांना शकू म्हणायची, चांगदेवसुद्धा. लग्न ठरलं तर घरात चांगदेवांची थोरली बहीणही शकू. एका घरात दोन शकू कशाला, म्हणून सासूबाईंनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायला लावलं, गोदू. त्या दिवसापासून शकू म्हणणारं कुणी उरलं नाही. माहेरचीही माणसं एकेक करून गेली.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांनी हळूच विचारलं, तुला काय हाक मारू? मी म्हटलं, सासूबाई म्हणतात ती मारा. यांनी मग कुठलीच मारली नाही. 'अगं'वर संसार केला." त्या सरांकडे वळल्या. "मला वाटलं, विसरलात."

सर त्यांच्याकडे बघत होते. ओठ हलले, एका बाजूला ओढले गेले, पुन्हा हलले. घशातून काहीतरी खरवडत वर आलं.

"श... शकू."

मोठ्याने नाही. पण तोंडाने.

"हळू," गोदूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लोक ऐकतील." मग विनीतकडे बघून, "आणि तुम्ही दोघं काय समजलात रे?"

"काही नाही काकू."

"काही नाही कसं? कान लाल झालेत तुझे."

त्यानंतर सर पुन्हा माझ्याकडे यायला लागले. सगळीच नावं परतली असं नाही. छत्री अजून हुलकावणी देते, मेघनाला हाक मारताना 'मे'पाशी दम लागतो. पण तोंड एकदा उघडलं ते मिटलं नाही. नौपाड्याच्या बाई म्हणाल्या, आता लिहिण्यापेक्षा बोलू द्या. तोंडाने येतंय म्हटल्यावर बोटांची गरज कमी होत गेली. सरांचं वर येणं रोजचं होतं ते आठवड्यावर गेलं, आणि आता कधीतरी.

जुना पीसी गेला. विनीतने मला टाकलं नाही, नव्या मशीनच्या एका कोपऱ्यात आणून ठेवलं. "सरांच्या हातचा आहे, असू दे," म्हणाला. म्हणजे आता मी त्या रंगीबेरंगीच्याच शेजारी राहतो. शेजारी म्हणून वाईट नाही तो. पोरं चुकली की लाल रेघ ओढतो, आपलं काम करतो. त्याच्यावर मी आता जळत नाही.

मी जळतो शकूवर.

तुम्हाला एक सांगून ठेवतो, आणि मग माझं बोलणं संपवतो. घरात आई असेल, सासू असेल, आजी असेल, तर तिला एकदा विचारून ठेवा, लग्नाआधी तुला काय म्हणायचे? फोटो दाखवून 'नाही, नाही' म्हणण्याआधी तेवढं माहीत असलेलं बरं. मला विचारू नका. मी नावाची फक्त ठेवण बघतो.

सकाळी विनीत खिडकी उघडतो. गिरणी अजून सुरू झालेली नसते. चाळीच्या दारातून सर हाक मारतात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. ती हाक कुणी टाइप केलेली नसते, त्यामुळे माझ्याकडे येत नाही, तपासायला काही उरत नाही. मी नुसता ऐकतो. आणि लगेच आतून उत्तर येतं, "आले हो, आले."

असं उत्तर देणं मला शिकवलेलं नाही.